यंदा नाताळला डॉक्टर नाही, म्हणून गेल्या वर्षीच्या भागाविषयी

कार्डिफकर | २० डिसेंबर २०२५, रात्री ९.१२

यंदा २५ डिसेंबरला बीबीसीवर 'डॉक्टर हू' या कालप्रवासी नायकाच्या मालिकेचा नाताळ विशेष भाग नाही. डिस्नेने भागीदारीतून अंग काढून घेतल्याचे आणि पुढचा भाग २०२६च्या नाताळला दाखवण्याचे ठरल्याचे ऑक्टोबरातच जाहीर झाले होते, त्यामुळे बातमी शिळी आहे. परंतु घरात झाड उभे राहिले, दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवून झाला आणि 'त्या संध्याकाळी या वर्षी काय बघायचे?' असे बायकोने विचारले, तेव्हा ती खऱ्या अर्थाने कळली. गंमत म्हणजे गेल्या वर्षीच्या 'जॉय टू द वर्ल्ड' या भागात डॉक्टर लंडनमधल्या एका साध्या हॉटेलात वर्षभर अडकून पडतो आणि त्याची सुटका होते ती २०२५च्या नाताळला. म्हणजे पडद्यावरचे ते वर्ष आता आपल्याकडेही भरत आले आहे. ते निमित्त साधून काल तो भाग पुन्हा पाहिला, आणि वर्षभरापूर्वी मी येथे जे काही लिहिले होते त्यातले निम्मे मला आज पटत नाही. ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे, कारण पुढे शेवटासकट सगळे येणार आहे.

ज्यांना विसर पडला असेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. टाइम हॉटेलातील दारे इतिहासातल्या निरनिराळ्या नाताळांत उघडतात. आपण कुठल्याही हॉटेलात उतरलो, की खोलीत कायम कुलूप लावलेले एक जादा दार दिसते आणि ते कशासाठी आहे हे कोणीच सांगत नाही. या अनुभवावर लेखक स्टीव्हन मॉफॅट यांनी सगळा डोलारा उभा केला आहे. शूटी गटवा यांचा डॉक्टर हातात टोस्टी आणि कॉफी घेऊन भलत्याच लोकांची दारे ठोठावत सुटतो आणि अखेर जॉयच्या खोलीत पोहोचतो. निकोला कॉगलन यांची ही जॉय २०२४ साली लंडनच्या सँडरिंगहॅम हॉटेलात एकटीच नाताळ काढायला आलेली असते. मग माणसाच्या हाताला आणि मनाला जखडणारी एक ब्रीफकेस येते, तिच्यात ताऱ्याचे बीज असते, ती उघडायला चार आकड्यांचा संकेत लागतो आणि तो सांगायला भविष्यातून डॉक्टर स्वतःच येतो. तो जॉयला घेऊन निघून जातो आणि आपल्याच मागच्या रूपाला लांबच्या वाटेने यायला लावतो. ही लांबची वाट म्हणजे एक अख्खे वर्ष.

त्या वर्षासाठी मी हा धागा काढला आहे. जवळ टार्डिस हे त्याचे कालयान नाही, पैसे नाहीत, म्हणून डॉक्टर त्याच हॉटेलात पडेल ते काम करतो आणि अनिता नावाच्या व्यवस्थापिकेशी त्याची मैत्री होते. या दोघांची 'खुर्चीची रात्र' ठरलेली असते, आणि त्या रात्री दोन खुर्च्या मांडून बोलत बसायचे, याहून अधिक काहीही घडत नाही. साठ वर्षे ग्रह वाचवत फिरणाऱ्या या माणसाच्या टार्डिसमध्ये पाहुण्याला बसायला एक खुर्ची नाही, ही गोष्ट मॉफॅट यांनी कुठलाही गाजावाजा न करता मधेच ठेवून दिली आहे. स्टेफ डी व्हॉली यांनी अनिता इतकी साधी उभी केली आहे, की निरोपाच्या प्रसंगी ती जवळजवळ काहीच बोलत नाही असे वाटते आणि तरीही घसा दाटतो. गेल्या वर्षी मी या पंधरा-वीस मिनिटांना 'कथेत आलेला सुस्त टप्पा' म्हटले होते. ते शब्द मी मागे घेतो.

शेवटाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. जॉयची आई २०२०च्या नाताळला करोनाने इस्पितळात वारली आणि जॉयने नियम पाळून तिचा निरोप टॅबलेटच्या पडद्यावर घेतला, हे भागाच्या उत्तरार्धात एका संतापाच्या भरात बाहेर येते. मग जॉय ताऱ्यात विलीन होते, आणि तो तारा बेथलेहेमवर उगवतो. इतके मोठे दुःख, इतका मोठा तारा आणि इतकी मोठी पुराणकथा एका तासाच्या भागात दाटीवाटीने बसवण्याचा अट्टहास मला आजही खटकतो.

नाताळ विशेष भाग कसा निघाला, हे मी चाहत्यांना कधी विचारत नाही. जेवण झालेले असते, तीन वाजताचे राजाचे भाषण होऊन गेलेले असते, डोक्यावरच्या कागदी मुकुटांना चुण्या पडलेल्या असतात आणि सोफ्यावर एक तरी पाहुणा असा असतो, की ज्याने आयुष्यात ही मालिका पाहिलेली नाही. तो झोपला की भाग पडला. गेल्या वर्षी आमच्याकडे शेजारचे निवृत्त बसचालक आले होते. ब्रीफकेसच्या वेळी ते पेंगत होते, अनिताच्या वेळी ताठ बसले होते आणि तारा उगवला तेव्हा कोट शोधत होते. आपल्याकडच्या सोफ्यावर काय घडले, ते ऐकायला आवडेल.

संत्रानगरी | २० डिसेंबर, रात्री ११.४८

नागपुरात हा भाग रात्री दहा चाळीसला सुरू झाला, त्यामुळे आमच्या सोफ्यावर जागे राहणे हाच पराक्रम होता. मी आणि माझी आत्या अशा दोघीच होतो. तिच्याविषयी सवडीने लिहीन, कारण ती गोष्ट मोठी आहे.

आपण दिलेल्या कसोटीवरून मला २००५ सालचा 'द ख्रिसमस इन्व्हेजन' आठवला. डॉक्टरची भूमिका दर काही वर्षांनी नवा नट करतो; डेव्हिड टेनंट यांचा हा पहिलाच पूर्ण भाग, आणि नवा नायक कसा आहे हे पाहायला देश उत्सुक असताना तेव्हाचे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी त्याला बहुतेक वेळ अंथरुणात झोपवून ठेवले! तो उठतो ते परक्याच्या झग्यात, तलवारीने लढतो, आणि शेवटी झग्याच्या खिशात सापडलेले सत्सुमा फेकून खलनायकाचा निकाल लावतो. सत्सुमा म्हणजे सैल सालीचे, सहज सोलता येणारे छोटे संत्रे. नाताळात मुलांच्या मोज्याच्या टोकाशी ते ठेवण्याची तिकडे जुनी रीत आहे. संत्र्याने जग वाचवले जाते हे दृश्य नागपूरच्या मुलीने पाहावे आणि त्या मालिकेच्या प्रेमात पडू नये, हे शक्य नव्हते. पुढे २०१४च्या 'लास्ट ख्रिसमस'च्या अगदी शेवटच्या चौकटीत खिडकीत एक संत्रे ठेवलेले दिसते, तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत होते आणि घरच्यांना त्याचे कारण समजावून सांगण्यात नंतर अर्धा तास गेला.

रागीट डॅलेक | २१ डिसेंबर, सकाळी ७.३०

मी नेहमीप्रमाणे विरोधी बाकावर बसतो.

'जॉय टू द वर्ल्ड'मधील चार आकड्यांचा संकेत डॉक्टरला कुणाकडून कळतो? भविष्यातल्या डॉक्टरकडून. त्याला कुणाकडून कळला होता? तो भूतकाळातला डॉक्टर असताना भविष्यातल्या डॉक्टरकडून. म्हणजे तो संकेत कोणीही कधीही शोधलेलाच नाही! मॉफॅट यांनी ही युक्ती पहिल्यांदा केली तेव्हा मी खुर्चीतून उठून दाद दिली होती, परंतु तीच पूड तेच जादूगार दरवर्षी उडवू लागले, की प्रेक्षकाचे लक्ष बाहीकडे जाते. आणि ज्या अनिताचे आपण सारे गोडवे गातो, तिचा प्रवेश मुळात या पळवाटेमुळेच होतो. डॉक्टरला वर्षभर थांबवायचे होते, म्हणून त्याला थांबावे लागले. त्याला त्यापेक्षा सबळ कारण नाही.

नाताळ भागात दुःख मिसळावे कसे, हे पाहायचे असेल तर डेव्हिस यांच्या पहिल्या कारकिर्दीकडे जावे. त्या भागांत पडणारे बर्फ कधीच बर्फ नसते, हे कोणाच्या लक्षात आले आहे का? २००५ साली शेवटी जे भुरभुरते ती परग्रहवासीयांच्या जळालेल्या यानाची राख असते, आणि ते यान माघारी फिरलेले असताना ब्रिटनच्या पंतप्रधान हॅरिएट जोन्स यांच्या आदेशावरून पाडलेले असते. पुढच्या वर्षी डॉक्टर त्या भागातल्या डोनाला खूश करायला टार्डिसमधून कृत्रिम बर्फ पाडतो. २००७ला ते फुटत आलेल्या जहाजातून बाहेर टाकलेले भारद्रव्य असते. मुले 'बर्फ, बर्फ' म्हणून नाचतात आणि मोठ्यांना ठाऊक असते, की आकाशातून राख पडते आहे. एकाही पात्राने त्यावर भाषण केलेले नाही. याला मी लेखन म्हणतो. उलट गेल्या वर्षी जॉयला चिडवून, रडवून तिच्याकडून सगळे वदवून घेतले गेले.

आणि सोफ्याचीच कसोटी लावायची तर २००७चा 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' १ कोटी ३३ लाख लोकांनी पाहिला होता. मालिकेच्या २००५मधल्या पुनरागमनानंतरच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला इतका प्रेक्षकवर्ग मिळालेला नाही. त्यात कायली मिनोग होत्या आणि अंतराळात टायटॅनिक बुडत होते. पेंगणार कोण?

काटेकोर | २१ डिसेंबर, सकाळी १०.०५

बेथलेहेमच्या संदर्भात मला एक तक्रार नोंदवायची आहे. भागाच्या शेवटी 'बेथलेहेम ०००१' अशी अक्षरे झळकतात. येशूच्या जन्माची कथा ज्या हेरोद राजाच्या काळात घडते, त्याचा मृत्यू बहुतेक इतिहासकार इसवी सनापूर्वी ४ या वर्षी झाला असे मानतात. म्हणजे कालप्रवाशांच्या हॉटेलाने पाहुण्यांना किमान चार वर्षे उशिराची खोली दिली आहे. शिवाय 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड'मध्ये डॉक्टरने आपण त्या रात्री तिथेच होतो आणि धर्मशाळेतली शेवटची खोली आपणच घेतली होती, असे सांगितलेले आहे. मरिया आणि योसेफ यांना गोठ्यात का राहावे लागले, याचे उत्तर त्यात आले, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले नव्हते. मग त्याच रात्रीच्या आकाशातला तारा पाहून त्याला त्या वेळी काहीच कसे वाटले नाही?

रागीट डॅलेक यांच्या संकेताविषयीच्या आक्षेपाशी मी सहमत आहे, परंतु डॉक्टर स्वतःच त्यावर चिडतो, हे त्यांनी सांगायचे टाळले. भविष्यातला डॉक्टर निघून जातो तेव्हा हा मागून ओरडतो, आणि अशा वागण्यामुळेच तू एकटा पडतोस असे स्वतःलाच सुनावतो. लेखकाला आपली पळवाट दिसते आहे आणि तो तिचा हिशेब पात्राच्या नावावर टाकतो आहे. ही चलाखी असेल, पण अज्ञान नाही.

लेस्टरवासी | २१ डिसेंबर, दुपारी ३.४०

मी येथे बहुतेकदा वाचनमात्र असते. कार्डिफकर यांनी 'इतके मोठे दुःख दाटीवाटीने बसवले' असे लिहिले, त्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

भारतातल्या वाचकांना जॉयच्या संतापाचा संदर्भ कदाचित पुरता लागणार नाही, म्हणून आधी तो सांगते. २०२०च्या डिसेंबरात येथे घराघरांत एकत्र येण्यावर बंधने होती, इस्पितळात भेटीला जाता येत नव्हते. आणि त्याच दिवसांत पंतप्रधानांच्या कार्यालयात मेजवान्या होत होत्या, असे नंतर उघड झाले. मद्य थंड ठेवायला तिथे छोटा फ्रिज आणल्याच्या बातम्या आल्या. खुद्द पंतप्रधानांना एप्रिल २०२२मध्ये पोलिसांनी दंड केला. जॉय जेव्हा फ्रिज, नाच आणि मेजवान्या असे शब्द उच्चारते, तेव्हा येथल्या प्रत्येक घरात कोणाचे नाव घेतले जात आहे हे कळते. मालिकेने नाव घेतले नाही, आणि घेण्याची गरजही नव्हती. आमच्या लेस्टरला तर सगळ्या देशाची बंधने सैल होत असताना २०२०च्या जूनअखेरीस पुन्हा कुलूप लावले गेले होते. नियम पाळणे म्हणजे काय, हे या गावाला सांगावे लागत नाही.

माझे वडील एप्रिल २०२१मध्ये सांगलीत गेले. २३ तारखेपासून भारत येथल्या प्रवासनिर्बंधांच्या लाल यादीत गेला, विमानांचे दर आणि विलगीकरणाचे नियम यांची आकडेमोड मी एका वहीत करत होते, आणि माझे जाणे त्या वहीतच राहिले. वॉर्डातल्या एका मावशींनी भावाचा फोन त्यांच्यासमोर धरला होता. मावशींच्या अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख, हातात दोन हातमोजे, त्यामुळे फोन नीट धरला जात नव्हता. मला दिसत होता तो छताचा पंखा आणि बाबांच्या कपाळाचा वरचा भाग, जिथे केस मागे गेलेले होते तेवढाच. 'जरा खाली धरा,' असे मी तीन वेळा म्हटले. चौथ्यांदा म्हणायची लाज वाटली, कारण मावशींना आणखी पेशंट होते. ते पंख्याचे चित्र साडेचार वर्षे माझ्या डोळ्यांसमोर आहे.

गेल्या नाताळला मुलांसोबत हा भाग पाहत होते. निकोला कॉगलन यांनी ते वाक्य उच्चारले तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासू लागले. मोठी मुलगी मागून आली आणि काही न बोलता पुसायला लागली. त्यामुळे 'दाटीवाटीने बसवले' हे मला मान्य होत नाही. येथल्या करमणुकीच्या वाहिन्यांवर त्या एका वर्षाविषयी जो संकोच आहे, तो एका गाण्या-गमतीच्या, नाताळच्या भागाने मोडला, याबद्दल मी मॉफॅट यांची ऋणी आहे.

मात्र तारा मलाही नको होता, आणि माझे कारण आपल्यापेक्षा वेगळे आहे. जॉयचा राग रास्त होता. तिला उजेड करून आकाशात पाठवल्यावर तो राग कोणाकडे राहिला? आई मरणाच्या दारात खिडकीतून तारा पाहते आणि सगळे शांत होते. मला शांत व्हायचे नव्हते.

कार्डिफकर | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

लेस्टरवासी ताई, आपले लिहिणे दोनदा वाचले. मी तो शब्द सोफ्यावर बसून वापरला होता, हे कबूल करतो. शेजारचे काका कोट शोधत होते असे मी विनोदाने लिहिले; आज बायकोने आठवण करून दिली, की त्यांची बहीण त्याच हिवाळ्यात न्यूपोर्टला गेली होती आणि तिच्या अंत्यसंस्काराला मोजकीच माणसे होती. ते कंटाळून उठले होते असे मी वर्षभर गृहीत धरले. ताऱ्याबद्दल आपण जे म्हटले, ते माझ्या आक्षेपापेक्षा खूप नेमके आहे आणि माझा आक्षेप मी त्यात विलीन करतो.

जुना टीव्ही | २१ डिसेंबर, रात्री ८.५५

लेस्टरवासी यांच्यानंतर लिहिणे अवघड आहे, तरी नाताळ भाग हा प्रकार आला कोठून, हे येथे नोंदवले जावे असे वाटते.

१९६५ साली २५ डिसेंबरला शनिवार आला. 'डॉक्टर हू' शनिवारीच लागत असे आणि त्या वेळी डॅलेक या डॉक्टरच्या जुन्या शत्रूंची बारा भागांची एक भीषण कथा चालू होती, ज्यात डॉक्टरचे सोबती मरतात. सणाच्या दिवशी लोकांना हे कसे दाखवायचे, म्हणून सातव्या भागात कथा बाजूला ठेवून लिव्हरपूलच्या पोलीस ठाण्यात आणि मूकपटांच्या हॉलिवुडमध्ये निव्वळ धुमाकूळ घातला गेला. शेवटी विल्यम हार्टनेल यांनी हातात पेला घेऊन थेट कॅमेऱ्याकडे पाहिले आणि घरी बसलेल्या सर्वांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. हे आधी ठरलेले होते की त्यांच्या मनात आयत्या वेळी आले, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. गंमत अशी, की तो भाग परदेशांत विकायलाही काढला गेला नाही आणि नंतर त्याची फीत पुसली गेली. उरला तो फक्त आवाज. पहिला नाताळ भाग म्हणजे असा पाहता न येणारा भाग आहे, त्यामुळे त्याची निंदा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला आहे.

मधल्या काळात १९८१च्या २८ डिसेंबरला डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन आणि यंत्रकुत्रा के-नाइन यांचा एक स्वतंत्र भाग आला होता. त्याचे शीर्षकगीत ज्यांनी ऐकले आहे ते एकमेकांना ओळखतात. इतरांना मी त्यात लोटणार नाही. नियमित प्रथा २००५पासून पडली आणि २०१७पर्यंत सलग तेरा नाताळ टिकली. त्यातल्या शेवटच्या वेळी मॉफॅट खरे तर निघायच्या तयारीत होते, परंतु नव्या निर्मात्यांना नाताळच्या भागाने सुरुवात करायची नव्हती, आणि एकदा हातची गेलेली नाताळची वेळ परत मिळणार नाही या भीतीने मॉफॅट आणखी एका भागापुरते थांबले. तो 'ट्वाइस अपॉन अ टाइम', पीटर कपाल्डी यांचा निरोप. १९१४च्या आघाडीवर नाताळच्या दिवशी सैनिक बंदुका ठेवून गाऊ लागतात, तो प्रसंग त्यात आहे. पुढे भीती खरी ठरली आणि काही वर्षे विशेष भाग १ जानेवारीला ढकलला गेला. १ जानेवारीचा भाग चांगला असला तरी त्याला उरलेल्या फराळाची चव असते, एवढेच म्हणतो.

आपल्याकडे का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला सणाच्या साहित्याची एक वेगळी तराजू ठाऊक आहे. दिवाळी अंकातली कथा आपण चकलीचे तुकडे पानांवर पाडत वाचतो, निम्म्यावर पाहुणे येतात, आणि तरीही काही कथा पुढची चाळीस वर्षे सोबत राहतात. या भागांनाही मी त्याच तराजूत घालतो. त्यामुळे रागीट डॅलेक यांनी संकेताच्या गाठीवर घेतलेला आक्षेप मला बरोबर वाटतो, पण जड वाटत नाही.

रागीट डॅलेक | २१ डिसेंबर, रात्री ११.१०

मी करोनाच्या प्रसंगाला 'वदवून घेतले' म्हटले होते. लेस्टरवासी यांची क्षमा मागतो. तो शब्द तेथे नको होता. राख आणि बर्फ यांच्याविषयीचे मत मात्र राखून ठेवतो, कारण राखेवर कोणी मलम लावले नव्हते, आणि मला वाटते त्यांनाही नेमके हेच म्हणायचे आहे.

जुना टीव्ही, तराजू मान्य. परंतु त्याच तराजूत मॉफॅट यांचाच २०१०चा 'अ ख्रिसमस कॅरल' घालून पाहा. धुक्यात मासे पोहतात, बग्गीला शार्क जुंपलेला आहे, म्हणजे लहान मुलांची सोय झाली. आणि मध्यभागी एक मुलगी आहे, जिच्या आयुष्याचे मोजकेच दिवस उरलेले आहेत आणि जी गोठवलेल्या पेटीतून दर नाताळच्या आदल्या रात्री एकदाच बाहेर येते. कधी थांबायचे, हे तिच्यावर प्रेम करणाऱ्या काझरानला ठरवावे लागते. तो थांबवतो, म्हातारा होतो, कडवट होतो, आणि तरीही शेवटचा दिवस वापरायचा कधी, हे त्याला ठरवता येत नाही. तिथे मृत्यू टळत नाही. ती तारा होत नाही. पहाट होणार आणि ती जाणार, हे दोघांना माहीत असते आणि दोघे फिरायला निघतात. पंधरा वर्षांपूर्वी या लेखकाला शेवटी काही न करणे जमले होते.

कुंपणावरची | २२ डिसेंबर, सकाळी ९.१५

मी ही मालिका कधीच पाहिलेली नाही, तरीही सगळा धागा वाचून काढला. नवख्या माणसाने नाताळचा कोणता भाग आधी पाहावा? मागचेपुढचे काही ठाऊक नसताना चालेल असा हवा आहे.

जुना टीव्ही | २२ डिसेंबर, सकाळी ९.४०

'अ ख्रिसमस कॅरल'. तो आवडला तर 'लास्ट ख्रिसमस'. 'द हजबंड्स ऑफ रिव्हर साँग' मात्र आत्ता पाहू नका. त्यातली चोवीस वर्षांची एक रात्र समजायला आधीच्या पुष्कळ गोष्टी माहीत असाव्या लागतात, आणि त्या माहीत नसताना पाहिली तर आपलेच नुकसान होईल.

संत्रानगरी | २२ डिसेंबर, रात्री १०.४०

आत्याविषयी लिहीन म्हटले होते. वेळही योगायोगाने दहा चाळीस आहे.

आत्या ८१ वर्षांची आहे. इंग्रजी समजते, परंतु चालू भागात प्रश्न विचारण्याची तिला सवय आहे. गेल्या वर्षी तिने ब्रीफकेस, संकेत, डायनासोर, तारा यांपैकी कशाबद्दलही एक प्रश्न विचारला नाही. अनिता आल्यावर मात्र तिने मला पाण्याचा पेला ठेवायला लावला आणि चष्मा पुसून घेतला. भाग संपला तेव्हा तिचा एकच प्रश्न होता: "तो परत भेटायला येतो का गं तिला?"

मी सांगितले, की नाही, पण त्याने तिला टाइम हॉटेलात नोकरी लावून दिली. त्यावर तिने "नोकरी" एवढाच शब्द पुन्हा उच्चारला आणि झोपायला गेली.

यंदा ३१ मेला 'द रिअ‍ॅलिटी वॉर' आला आणि त्यात अनिता परत आली, तेव्हा मी आत्याला मुद्दाम बोलावून बसवले. तो तिला भेटायला गेला नव्हता. तीच एकेक दार उघडून त्याला शोधत आली होती. ती गरोदर होती, आणि जगाचे काय ते होईपर्यंत काळाचे दार उघडे राहावे म्हणून ते पाठीने रेटून धरून उभी राहिली. मला ते फार आवडले आणि मी तसे बोलूनही दाखवले.

आत्याने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग म्हणाली, "पोटुशी बाईला इतका वेळ उभं ठेवलंय. खुर्ची नव्हती का कोणाकडे?"